डिसेंबरचा फरक

ब्रेमरहाफेनच्या मासळी-धक्क्यामागे, तिसऱ्या मजल्यावर,
दोन पडदे शेजारी शेजारी लावून मी बसले आहे.
डावीकडे जुनी आवृत्ती, करडी,
उजवीकडे नवी,
दवाखान्यासारखी पांढरीशुभ्र.
खालच्या मजल्यावर माशांच्या कांड्या पावाच्या चुऱ्यात लोळतात,
त्यांचा वास लिफ्टशिवाय वर येतो.

काम सोपं आहे, फेर्डी म्हणाला.
फेर्डी ओझकुर्ट, सल्लागार. पैसे दिवसावारी घेतो
पण कॉफी घरून आणतो, म्हणून मला बरा वाटतो.
एकच आराखडा दोन्हींत घाल, व्हीब्के,
उत्तरं जुळतात का बघ,
नाहीच जुळली तर शेवटच्या रकान्यात कारण लिही.

जुनीत वर्षाचे बारा महिने पाडायचे तर
गेल्या वर्षाचं माप धरावं लागे,
शिंप्याने जुन्या सदऱ्यावरून नवा बेतावा तसं.
नवी आपणहून अंदाज बांधते,
वर खात्रीची टक्केवारी सांगते,
जणू पहाटेच बोटीवर जाऊन आली.

जुनीत एकाने ओळ उघडली की दुसऱ्याला कुलूप:
ही नोंद सध्या ओ. हाब्बेन यांच्याकडे आहे.
मग उठायचं, दोन टेबलं ओलांडायची,
ओन्नो, सोड की रे ती ओळ.
थांब, ईस्टर सरकवतोय.
खरंच सरकवायचा.
ईस्टर दरवर्षी जागा बदलतो,
गुड फ्रायडेला अख्खी गल्ली मासे तळते,
हे जुनीला कुणी शिकवलंच नव्हतं.
ओन्नो मार्चमधले चारशे टन उचलून एप्रिलमध्ये ठेवायचा
आणि मग मनगट चोळत बसायचा.

नवीला ईस्टर पाठ आहेत, पुढच्या शतकापर्यंतचे.
कुलूप नाही. सगळे एकदम लिहितात,
शेवटी लिहील त्याचं खरं.
मी प्रामाणिकपणे नोंदवलं:
वेग, नवी सरस. नक्कल काढणं, नवी सरस.
कुलपापुढे काय लिहावं कळेना, ते तसंच ठेवलं.

साडेचारला बाहेर अंधार झाला, सगळं जुळलं.
डिसेंबर सोडून.
डावीकडे चौदा पेट्या जास्त.

राउंडिंग असेल, फेर्डी कोट घालत म्हणाला.
पण राउंडिंगला एवढी शिस्त कुठून?
मी एकेक डिसेंबर उकरत मागे गेले,
सतरा वर्षं. चौदा, चौदा, चौदा,
मध्येच एकदा अठ्ठावीस.
ग्राहक क्रमांक: चार वेळा नऊ.
ग्राहकाचं नाव: काही नाही.

जुनी हे चालवून घ्यायची.
नवी लाल होते:
अस्तित्वात नसलेल्या ग्राहकासाठी नियोजन करता येत नाही.

शीतगृहात गेशला फोन लावला.
अगं, त्या खलाशांच्या, ती म्हणाली,
नाताळात जी जहाजं धक्क्याला अडकून राहतात त्यांच्यावरच्या.
ओन्नो आपल्या गाडीतून न्यायचा.
अठ्ठावीस? त्या साली दोन जहाजं होती.
मालक बुडाला होता, जहाजं तरंगत होती.

ओन्नो आता लेअरला असतो, नव्या गुडघ्यासह.
फोन उचलत नाही, कधीच उचलायचा नाही.
आणि डावीकडे त्या ओळीवर अजून तेच:
ही नोंद सध्या ओ. हाब्बेन यांच्याकडे आहे.

म्हणून मी उजवीकडे नवा ग्राहक उघडला.
नाव सक्तीचं होतं. लिहिलं: जो कोणी अडकला असेल.
पत्ता सक्तीचा. धक्का, बदलता.
पैसे चुकते करण्याची मुदत?
यादीत सण होते. मी ईस्टर निवडला.
कोणत्या वर्षीचा, तिने विचारलं.
मी खाली खाली जात राहिले,
तिला पाठ असलेल्या अगदी शेवटच्या ईस्टरपर्यंत,
आणि एंटर दाबलं.

फरक: शून्य.
कारणाचा रकाना आता राखाडी झाला आहे,
त्यात काही लिहिता येत नाही.